खापराची परत माती होत नाही

कीर्तनात एक दृष्टान्त हमखास येतो. देह म्हणजे मातीचं मडकं, कुंभाराने घडवलं, चार दिवस पाणी भरलं, एक दिवस फुटलं आणि मातीची माती झाली. बुवा हे सांगताना मधेच थांबतात, मागे पखवाज हळू होतो, समोरच्या बायका डोळ्याला पदर लावतात. लहानपणापासून ऐकत आलोय आणि मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू. अडचण एकच आहे की हे खरं नाही. म्हणजे देहाचं असेल खरं, मडक्याचं नाही. भाजलेलं मडकं फुटलं की त्याचं खापर होतं आणि ते खापर जमिनीत तसंच पडून राहतं, हजारो वर्षं.

एवढं ठामपणे म्हणतोय कारण मी संगमनेरकडचा. जोर्वे गाव आमच्यापासून जवळ, प्रवरेच्या काठावर. तिथे १९५०-५१ मध्ये सांकलिया आणि देव या पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केलं आणि अशी लाल भांडी निघाली की त्या भांड्यांच्या अख्ख्या काळालाच जोर्वे संस्कृती नाव पडलं. इ.स.पूर्व १४०० ते ७०० चा सुमार धरतात. लाल अंग, त्यावर काळ्या रंगात त्रिकोण-चौकटींची नक्षी, काहींना लांब तोटी. आणि पुरातत्त्ववाले या भांड्यांचं वर्णन करताना एक गोष्ट आवर्जून लिहितात, ती म्हणजे वाजवलं की धातूसारखा आवाज येतो. तीन हजार वर्षं मातीत गाडलेली माती, काढून झटकून टिचकी मारली की खणखणीत वाजते! ज्या घरात ती वापरली गेली त्या घराच्या कच्च्या मातीच्या भिंती कधीच विरघळून शेत झाल्या, माणसं गेली, त्यांची भाषा कुठली होती तेही कुणाला माहीत नाही. दोन्ही माती एकाच नदीची. मग एक शेत झाली आणि एक राहिली, असं का?

त्याचं उत्तर आव्यात, म्हणजे कुंभार मडकी रचून भाजतात त्या ढिगात आहे. आमच्याकडे कुंभारआळीत आवा लागायचा तो उन्हाळ्यात, पाऊस यायच्या आधी. खाली गोवऱ्या, वर मडक्यांचा थर, मधे परत गोवऱ्या, ढलप्या, उसाचं पाचट (साखर कारखान्यांचा पट्टा, पाचटाला काय तोटा), मग पुन्हा मडकी, आणि सगळ्यात वरून राख-माती लिंपून बंद. ज्यांना सगळे आप्पा म्हणायचे ते कुंभार पेटवायच्या आधी ढिगाला एक चक्कर मारायचे, कुठे फट दिसली तर ओल्या हाताने लिंपायचे आणि म्हणायचे, "झालं, आता आपला हात संपला. आता त्याचं तो बघंल." मग बाजूला बसून तंबाखू मळायचे. पण नजर धुरावर. आधी पांढरा, जड, ओला धूर यायचा, तो कितीतरी वेळ तसाच. तो पातळ झाला की मगच ते हलायचे, तळाशी एकदोन ठिकाणी भोकं पाडून वारा द्यायचे. पोरांनी मधेच काडी खुपसलेली त्यांना अजिबात चालायची नाही, शिव्या द्यायचे, आणि त्या शिव्या चांगल्या असायच्या.

त्या पांढऱ्या धुरात काय चाललेलं असतं ते मला फार उशिरा कळलं, पुण्यात एका स्टुडिओत वीकेंडला सिरॅमिक शिकायला जायला लागलो तेव्हा. ओल्या मातीला आकार देता येतो कारण तिचे कण चपटे असतात, मायक्रॉनच्या हिशोबातले पापुद्रे, आणि त्यांच्या मधे पाण्याचा थर. ओल्या पत्रावळींची चळत जशी जरा धक्का दिला की सरकते आणि सोडली की तिथेच राहते, तसं ते. माती सुकली की हे मधलं पाणी जातं, कण जवळ येतात, भांडं आकसतं, टणक होतं. पण हे टणकपण फसवं असतं. सुकलेलं कच्चं मडकं बादलीत टाका, थोड्या वेळात बुडबुडे सोडत बसतं आणि बघता बघता तळाशी नुसता गाळ. तो गाळ उपसून मळून परत चाकावर घ्या, काही बिघडलेलं नसतं. कितीही वेळा करा. स्टुडिओत सगळ्या चुकलेल्या वाट्या-कपांचं हेच होतं, एका टबात टाकायचे, पुढच्या रविवारी परत माती.

ही परतीची वाट बंद कुठे होते? तर साधारण ४५० ते ६०० डिग्रीच्या मधे. १०० च्या पुढेमागे जातं ते साधं पाणी, उरलंसुरलं, आणि ते घाईने गेलं तर मडकं फोडून जातं, कारण वाफ व्हायला पाण्याला मूळच्या जवळजवळ १७०० पट जागा लागते. आप्पांचा तो पांढरा धूर म्हणजे बराचसा हाच. ३०० च्या पुढे मातीतला काडीकचरा, मुळं, लीद जळायला लागते. आणि मग ५०० च्या आसपास जे निघतं तेही पाणीच, पण गंमत म्हणजे ते मातीत पाणी म्हणून नसतंच. मातीच्या स्फटिकाच्या अंगातच ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या बसलेल्या असतात, हायड्रॉक्सिल. एवढी उष्णता मिळाली की अशा दोन जोड्या मिळून पाण्याचा एक रेणू तयार करतात आणि तो उडून जातो, मागे एक ऑक्सिजन ठेवून. शुद्ध केओलिन, म्हणजे पांढरी चिनी माती, घेतली तर तिचं १४ टक्के वजन असं जातं. कोरडं ठणठणीत दिसणाऱ्या वस्तूतून १४ टक्के पाणी! स्टुडिओत मॅडम भट्टीच्या भोकासमोर काचेचा तुकडा धरायच्या, काचेवर दव जमलं की म्हणायच्या थांबा, अजून सोडतेय.

ते गेलं की ती माती राहत नाही, रसायनाच्या हिशोबात तरी नाही. पापुद्रे जागेवर असतात पण आतली रचना विस्कटलेली, त्याला मेटाकेओलिन म्हणतात. अजून काच झालेली नसते, ताकद तर जवळजवळ नसतेच, ६०० वर थांबवलेलं भांडं हाताने मोडेल इतकं कच्चं असतं. पण बादलीत टाका, विरघळणार नाही. मला हा टप्पा सगळ्यात जास्त आवडतो. बाहेरून काही घडलेलं दिसत नाही, मजबुती आलेली नाही, आणि तरीही परत चाकावर जायचा रस्ता कायमचा बंद झालाय.

(म्हणूनच ते 'भट्टीत तापल्याशिवाय माणूस पक्का होत नाही' छापाचे गुड मॉर्निंग मेसेज आले की मी लगेच डिलीट करतो. भट्टी मातीला काही देत नाही हो. काढून घेते. आणि जे काढून घेते त्याच्याच जोरावर माती आकार घेत होती.)

गणपतीचंच बघा ना. शाडूची मूर्ती विरघळते याचं आपण कौतुक करतो, पर्यावरणपूरक वगैरे, पण ती विरघळते कारण ती भाजलेली नसते, एवढं साधं आहे ते. विसर्जनाची सगळी कल्पनाच कच्च्या मातीवर उभी आहे. पार्थिव म्हणायचं, दहा दिवस बसवायचं आणि पाण्यात सोडलं की खरोखर परत माती, बुवांचा दृष्टान्त इथे शंभर टक्के लागू. तीच मूर्ती टेराकोटाची करून विसर्जित केली तर पुढच्या वर्षी, आणि पुढच्या हजार वर्षांनी, नदीच्या तळाशी सोंड सापडेल. आणि प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे याच गोष्टीची उलटी बाजू. तिथेही दगड भाजून स्फटिकातलं पाणी काढतात, जिप्समचं, साधारण दीडशे डिग्रीला, पाऊण हिस्सा पाणी जातं. पण ती पावडर पाण्यात कालवली की गेलेलं पाणी वीसेक मिनिटांत परत अंगात घेते आणि पुन्हा दगड होऊन बसते. माती एवढ्या लवकर परत घेत नाही. 'एवढ्या लवकर' हे शब्द मी मुद्दाम वापरलेत, त्याकडे येतोच.

६०० च्या पुढे मग आगीचं नेहमीचं काम सुरू होतं. त्याआधी ५७३ वर एक धक्का असतो, मातीतल्या वाळूचे, म्हणजे क्वार्ट्झचे कण त्या तापमानाला एकदम रचना बदलतात आणि किंचित फुगतात, निवताना परत आकसतात, त्यामुळे भट्टी घाईने उघडली तर अख्खं भांडं टणकन तडकतं. ८०० च्या पुढे कणांच्या कडा एकमेकींना चिकटायला लागतात. मातीत जे पोटॅश, सोडा, लोह, चुना असतं ते वितळायला मदत करतं आणि जागोजागी काच तयार होते, थेंबाथेंबाने, ती फटींमध्ये शिरते. आपल्या मातीत लोह भरपूर, म्हणून हवा मिळाली तर लाल आणि हवा कोंडली तर काळं. तेच मडकं, तीच माती, आवा कसा लिंपला यावर रंग. विदर्भातल्या महापाषाणीय, म्हणजे मोठाले दगड रचलेल्या प्राचीन थडग्यांमध्ये, माहुरझरी, जुनापाणी या भागात, आतून काळी आणि बाहेरून लाल अशी भांडी मिळतात, एकाच भांड्यात दोन्ही. कुणीतरी ती अशी रचली होती की आत हवा पोचू नये आणि बाहेर पोचावी. थर्मामीटर नाही, लोहाच्या ऑक्साइडचं नाव माहीत नाही, पण काम चोख.

आपल्या काळ्या रेगुर मातीचं मात्र एकटीने मडकं होत नाही. ती पाणी पिऊन एवढी फुगते आणि सुकताना एवढी आकसते की भेगाच पडतात, शेतात पडतात तशाच. शिवाय तिच्यात चुनखडीचे खडे. असा एखादा खडा भाजला की त्याचा कळीचा चुना होतो, आणि मग भांडं छान दिसतंय म्हणून घरी आणलं की तो खडा हवेतली ओल खाऊन फुगतो आणि वरचा पापुद्रा उडवून देतो. म्हणून कुंभार तळ्या-ओढ्याचा गाळ शोधतात, चाळतात, वाळू-राख घालतात, घोड्याची लीद घालतात. लीद जळून गेली की तिच्या जागी बारीक पोकळ्या राहतात, वाफेला पळायला वाट मिळते आणि मडकं आव्यात टिकतं.

आणि त्याच पोकळ्यांवर आपला उन्हाळा निघतो. उघड्या आव्यात तापमान जातं फार तर ७०० ते ९०० पर्यंत, पूर्ण काच होतच नाही, त्यामुळे माठ झिरपतो, बाहेरून ओला राहतो, ते पाणी उडताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. म्हणजे माठ मुद्दाम अर्धवट ठेवलेला असतो असं म्हणा ना. माझ्या आजीकडे चिनी मातीची लोणच्याची बरणी होती, वर तपकिरी खाली पिवळट, तोंडाला दादरा बांधलेली, अजून आहे. त्या बरणीत पाणी भरून ठेवलं तर ढिम्म गार होणार नाही. ती बाराशेच्या वर भाजलेली, तिच्या फटी काचेने बुजलेल्या, आणि आत म्युलाइट नावाच्या स्फटिकाच्या बारीक सुया एकमेकींत अडकलेल्या (स्कॉटलंडच्या मल बेटावरून नाव पडलंय, लोणच्याशी तसा काही संबंध नाही). मीठ, तेल, आंबटपणा, कशालाच ती दाद देत नाही. उलट माठात लोणचं घालून बघा, आठवड्यात बाहेर मिठाचं फूल येईल.

गोरोबाकाकांची गोष्ट या सगळ्यात आल्याशिवाय कशी राहील. संतमंडळी जमलेली, मुक्ताबाई विचारते हे काय, काका म्हणतात थापटणं, याने मडकं कच्चं का पक्कं ते कळतं. मग बघा की आमच्यात कोण कच्चं आहे ते! काका एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत जातात, सगळे गप्प बसतात, नामदेव चिडतात, आणि निकाल लागतो, हे मडकं कच्चं. मला मात्र एक शंका नेहमी येते. थापटण्याचं खरं काम ओल्या मडक्यावर असतं. आतून गुंडा, म्हणजे गोल दगड, धरायचा, बाहेरून थापटायचं, की भिंत पातळ होत जाते आणि पोट फुगतं. पक्क्या मडक्यावर थापटणं कोण मारेल, त्याला टिचकी पुरते, बाजारात आजी माठ घ्यायची तेव्हा बोटाच्या पेराने वाजवायची आणि बद्द आवाज आला की पुढचा. म्हणजे काका त्या दिवशी परीक्षा घेत होते की घडवत होते? नामदेव त्यानंतर औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले, तिथे घडले. कच्चं होतं म्हणून घडलं. पक्कं असतं तर कुणाच्या हातात काय होतं.

तेरला गेलात तर गोरोबाकाकांच्या मंदिरासोबत तिथलं लामतुरे संग्रहालयही बघा, बरेच लोक बाहेरूनच जातात. सातवाहन काळातल्या पांढऱ्या केओलिनच्या छोट्या मूर्ती आहेत, दोन साच्यांत दाबून जोडलेल्या, केशरचना आणि कानातल्यांसकट. काकांच्या आधी हजारेक वर्षं त्याच गावात कुणीतरी माती भाजत होतं.

पण सगळ्यात जास्त मला थांबवणारं आहे ते इनामगावचं. शिरूर तालुका, घोड नदी, जोर्वे काळातलंच गाव, डेक्कन कॉलेजने तिथे १९६८ पासून वर्षानुवर्षं खोदकाम केलं. भांडी भाजायची मोठी गोल भट्टीही सापडली. तिथे लहान मूल गेलं की घराच्याच जमिनीखाली पुरत. करड्या रंगाचे दोन रांजण, तोंडाला तोंड लावून आडवे, आत ते मूल. रोज ज्या जमिनीवर चूल पेटते त्याच जमिनीत. ते रांजण रोजच्या वापरातले, जाडसर, ओबडधोबड. आईने कुठला निवडला असेल, माहीत नाही. कवळी हाडं किती टिकणार, पण रांजण आहेत. मातीत माती मिळवायची असती तर नुसता खड्डा पुरला असता ना. मला वाटतं, आणि हे फक्त माझं वाटणं आहे, त्यांना माहीत होतं की हे असं भाजलेलं काही मातीत मिळत नाही, आणि म्हणूनच.

असो. स्टुडिओतली भट्टी विजेची, तिथे धूर नाही, तंबाखू नाही, कंट्रोलरवर आकडा. तरी आकड्यावर पूर्ण विश्वास कुणी ठेवत नाही, आत तीन छोटे शंकू उभे करतात, ठरलेल्या रसायनाचे, जे ठरलेल्या तापाला वाकतात. १८८६ मध्ये बर्लिनच्या हेर्मान झेगरने काढलेली युक्ती, अजून तीच चालते, कारण मातीला नुसतं तापमान नाही तर किती वेळ तापवलं तेही लागतं आणि शंकू दोन्ही एकदम सांगतो. वर जाताना भोकातून बघत राहायचं, गडद चष्मा लावून. आधी काळं, ६०० च्या पुढे मंद लाल, मग नारिंगी, आणि हजाराच्या बरंच वर गेलं की एक विचित्र गोष्ट होते. आतली भांडी दिसेनाशी होतात. भिंती, फळ्या, कप, सगळं एकाच तापाला एकाच पिवळ्या उजेडाने पेटलेलं असतं, सावली नाही, कड नाही, कुठे कप संपतो आणि कुठे हवा सुरू होते ते कळतच नाही. तो वाकणारा शंकूसुद्धा डोळे बारीक करून शोधावा लागतो. मग बंद करायचं आणि जितका वेळ चढायला लागला त्याहून जास्त वेळ निवायला द्यायचा. दार उघडल्यावर ग्लेझ, म्हणजे वरचा काचेचा लेप, बारीक तडकताना टिंग टिंग आवाज येतात, ते कितीतरी वेळ चालू असतात. आणि कप लहान झालेला असतो, ओला होता त्यापेक्षा दहा-बारा टक्क्यांनी, चहा पुरेल असा केलेला कप कॉफी शॉटचा होऊन येतो.

तर आता ते 'एवढ्या लवकर'. २००९ मध्ये मँचेस्टर आणि एडिंबरा विद्यापीठातल्या लोकांनी एक पेपर काढला. त्यांचं म्हणणं, भट्टीतून बाहेर आल्या क्षणापासून सिरॅमिक हवेतली ओल परत अंगात घ्यायला लागतं, रासायनिकरीत्या, म्हणजे नुसतं भिजणं नव्हे, ते ५०० डिग्रीला गेलेलं पाणीच, स्फटिकात परत. फक्त वेग मरणाचा हळू, काळाच्या चौथ्या मुळाने. पहिल्या वर्षात जेवढं घेतलं त्याच्या दुप्पट व्हायला १६ वर्षं, तिप्पट व्हायला ८१, दहापट व्हायला १०००० वर्षं. म्हणजे वीट वजन करा, तापवून पाणी काढा, परत किती वेगाने घेते ते बघा, की तिचं वय निघतं. इंग्लंडमधल्या कँटरबरीच्या एका मध्ययुगीन विटेचं वय असं काढलं तर आलं ६६ वर्षं. सगळे चक्रावले. मग लक्षात आलं की दुसऱ्या महायुद्धात तिथे बॉम्ब पडून आगी लागल्या होत्या, त्या आगीत वीट पुन्हा भाजली गेली आणि तिचं घड्याळ शून्यावर आलं. ही पद्धत अजून सगळ्यांनी मान्य केलेली नाही, वाद आहेत, पण भाजलेली माती ओल घेऊन हळूहळू फुगते हे मात्र बांधकामवाल्यांना जुनंच माहीत आहे, ऑस्ट्रेलियात तर विटांच्या भिंतीत त्यासाठी मुद्दाम सांधे मोकळे ठेवतात.

म्हणजे बुवा अगदीच चूक नाहीत. मडकं परत निघालेलं असतं, पोचायचा वेग तेवढा आपल्या हिशोबातला नाही.

आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये गेल्या थंडीत खालच्या मजल्यावर पहाटे फटाक्यासारखा आवाज झाला आणि हॉलमधल्या टाइल्सची एक रांग तंबूसारखी वर आली. जुन्या सिरॅमिकच्या, सच्छिद्र, सांध्यात गॅप न सोडता बसवलेल्या. खाली काँक्रीट वर्षानुवर्षं आकसतंय, वर टाइल केसभर केसभर फुगतेय, कधीतरी सुटणारच. टाइलवाला आला तेव्हा मी त्याला उत्साहाने हे सगळं सांगायला घेतलं, भट्टी, पाणी, चौथं मूळ. त्याने सगळं ऐकून घेतलं, टाइलचा तुकडा उचलून नखाने वाजवून बघितला आणि म्हणाला, "साहेब, माल चांगलाय. स्पेसर घालून बसवू या वेळी. फुटामागे रेट काय धरू?"